नाणं की बटण सेल? गिळलेली वस्तू, लवचीक एंडोस्कोप आणि ‘थोडं थांबू’चा पुरावा

दोन वर्षांच्या मुलाने काहीतरी गोल, चपटं गिळलंय. एक्स-रेमध्ये अन्ननलिकेच्या वरच्या भागात एक पांढरी चकती दिसतेय. ते नाणं असेल आणि मूल शांत असेल, तर डॉक्टर म्हणू शकतात, ‘थोडं थांबू, पुन्हा एक एक्स-रे काढू.’ पण तो बटण सेल असेल, तर शक्यतो दोन तासांच्या आत बाहेर निघायला हवा. चित्र जवळजवळ सारखंच, निर्णय मात्र एकदम उलटे.

हे निर्णय कोणत्या पुराव्यावर उभे आहेत? ‘थांबा’ म्हणायचा अधिकार कुठून आला? संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा विषय मला फार आवडतो, कारण यात एक चांगली यादृच्छिक चाचणी आहे, एक चाचणी करणंच अशक्य असलेला प्रश्न आहे आणि छेद न बघता टक्केवारी वापरली की काय घोटाळा होतो याचा नमुनाही आहे. मेडिकलची पार्श्वभूमी नसली तरी चालेल, लागेल तेवढं सांगत जातो.

आधी उपकरण समजून घेऊ

ज्याला आपल्याकडे ‘दुर्बिणीची तपासणी’ म्हणतात, ती दुर्बीण म्हणजे साधारण एक मीटर लांबीची, करंगळीएवढ्या जाडीची लवचीक नळी. मोठ्यांसाठीच्या नळीचा व्यास ९ ते १० मिलिमीटर, लहान मुलांसाठीची ५ ते ६ मिलिमीटर. टोकाला कॅमेरा आणि दिवा असतो. हातातल्या चाकांनी टोक वर-खाली, डावीकडे-उजवीकडे वळवता येतं. आत हवा सोडता येते, पाणी मारता येतं, शोषून घेता येतं. आणि नळीच्या आतून एक पोकळ वाट जाते. तिला वर्किंग चॅनल म्हणतात. नेहमीच्या स्कोपमध्ये तिचा व्यास असतो फक्त २.८ मिलिमीटर.

इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. वस्तू या वाटेतून बाहेर येत नाही. येणारच नाही, कारण २०११च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणंसुद्धा २२ मिलिमीटरचं आहे. वाटेतून जातो तो बारीक चिमटा, फास किंवा जाळी. वस्तू स्कोपच्या तोंडाशी धरायची आणि स्कोप, चिमटा, वस्तू असं सगळं मिळून एकत्र मागे ओढायचं. म्हणजे येताना कॅमेऱ्यासमोर वस्तू असते आणि घशाजवळच्या सर्वांत अरुंद जागी डॉक्टरांना सर्वांत कमी दिसत असतं. वस्तू तिथे सुटली तर ती शेजारच्या श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून लहान मुलांमध्ये बहुधा पूर्ण भूल देऊन, श्वासमार्गात नळी घालून मगच हे काम करतात.

काच, एक पेपर आणि एक पदवीचा विद्यार्थी

लवचीक दुर्बिणीच्या आधी सरळ, ताठ नळ्या होत्या. अमेरिकेतले डॉक्टर शेव्हालिए जॅक्सन यांनी अशा ताठ नळ्यांनी हजारो वस्तू काढल्या आणि काढलेली वस्तू नोंदीसकट जपून ठेवली. त्यांच्या संग्रहातल्या २,३७४ वस्तू आज फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये आहेत: पिना, नाणी, हाडं, खेळण्यांचे तुकडे. डेटा जपणं म्हणजे काय, हे बघायचं असेल तर हा संग्रह आठवा.

वाकणाऱ्या नळीतून चित्र कसं आणायचं, हा मात्र प्रकाशशास्त्राचा प्रश्न होता. १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांचा पेपर आला: काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवता येतं. कपानी मूळचे पंजाबातल्या मोग्याचे, तेव्हा लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात संशोधन करत होते. तो पेपर बेसिल हर्शोवित्झ या पोटविकारतज्ज्ञाने वाचला आणि ही कल्पना जठर बघायला वापरायचं ठरवलं. अडचण अशी, की उघडे तंतू एकमेकांना चिकटले की प्रकाश एकातून दुसऱ्यात गळतो. मिशिगन विद्यापीठात लॅरी कर्टिस या पदवीच्या विद्यार्थ्याने १९५६च्या डिसेंबरात उपाय शोधला. जास्त अपवर्तनांकाच्या काचेची कांडी कमी अपवर्तनांकाच्या काचेच्या नळीत घालायची आणि दोन्ही एकत्र वितळवून तंतू ओढायचा. त्यामुळे प्रत्येक तंतूला काचेचंच आवरण मिळालं आणि प्रकाश आत कोंडला गेला. १९५७च्या फेब्रुवारीत हर्शोवित्झ यांनी ती नळी आधी स्वतःच्या घशात घातली, नंतर रुग्णाच्या.

ज्यांना वाटतं की पदवीला असताना आपण काय संशोधन करणार, त्यांनी कर्टिसचं नाव लिहून ठेवा.

वस्तू कुठे अडकते आणि घड्याळ कधी सुरू होतं

अन्ननलिकेत चार ठिकाणी वाट अरुंद होते: अगदी वरचा झडपेसारखा स्नायू, महाधमनीची कमान ओलांडते ती जागा, डावी मुख्य श्वासनलिका शेजारून जाते ती जागा आणि खाली पडदा ओलांडताना. जठरात पोचल्यावर पुढचा अडथळा म्हणजे जठराचं दार. साधारण २ ते २.५ सेंटिमीटरपेक्षा रुंद वस्तू तिथून जाणं कठीण. आणि ५-६ सेंटिमीटरपेक्षा लांब वस्तू लहान आतड्याच्या पहिल्या वळणावर अडकू शकते.

आता हे आकडे आपल्या खिशातल्या नाण्यांना लावून बघा. त्याच मालिकेतलं दोन रुपयाचं नाणं २५ मिलिमीटर, पाचचं २३, दहाचं २७. सगळी त्या सीमेच्या आसपास. मोठ्या माणसाच्या जठरातून बहुधा निघतील, छोट्या मुलाच्या अन्ननलिकेत मात्र अडकतील.

युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये मोठ्या माणसांसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांचा सारांश असा:

– अन्ननलिकेत बटण सेल, टोकदार वस्तू किंवा थुंकीही गिळता येत नाही असा पूर्ण अडथळा: शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ६ तासांत.
– अन्ननलिकेत इतर काहीही: २४ तासांत.
– जठरात टोकदार वस्तू, चुंबकं, सेल, मोठी किंवा लांब वस्तू: २४ तासांत.
– जठरात मध्यम आकाराची बोथट वस्तू: ७२ तासांत.

चुंबकं यादीत का? एकटं चुंबक फार काही करत नाही. दोन असली आणि ती आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांत असली, तर मधल्या भिंती चिमटीत धरून एकमेकांना ओढतात. रक्तपुरवठा थांबतो, भोक पडतं. म्हणून हाताशी आहेत तोवरच काढायची.

आणि एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा. अमली पदार्थांच्या पुड्या गिळलेल्या माणसात एंडोस्कोपने काढायचा प्रयत्न करत नाहीत. पुडी फुटली तर जीव जातो. म्हणजे ‘काढता येतं’ आणि ‘काढायला हवं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पकडायचं कसं

नाणं आणि सेल यांना जाळी चांगली. उंदराच्या दातांसारखी टोकं असलेला चिमटा नाण्याच्या कडेला धरतो. लांब वस्तूला, उदाहरणार्थ चमच्याला, फास घालतात, तोही एका टोकाजवळ, म्हणजे वस्तू आडवी न येता सरळ रेषेत येईल.

टोकदार वस्तूंचा नियम जॅक्सन यांच्या काळापासूनचा: पुढे जाणारं टोक भोसकतं, मागे राहणारं टोक नाही. साडीला लावता लावता तोंडात धरलेली सेफ्टी पिन गिळली गेली, ती उघडी आहे आणि तिचं टोक वरच्या दिशेला आहे असं समजा. ती तशीच ओढली तर अन्ननलिका फाटेल. मग बऱ्याचदा ती आधी हलकेच जठरात ढकलतात, तिथल्या मोकळ्या जागेत फिरवतात आणि टोक मागे राहील अशा रीतीने बाहेर आणतात. सोबत स्कोपच्या तोंडाला रबरी टोपी किंवा बाहेरून एक संरक्षक नळी लावतात, म्हणजे येताना धार भिंतीला लागत नाही.

एक साधी गोष्ट मला संशोधक म्हणून फार पटते. शक्य असेल तर गिळली तशीच दुसरी वस्तू मागवा आणि रुग्णाला हात लावण्याआधी टेबलावर ती कोणत्या चिमट्यात नीट बसते ते करून बघा, असं तज्ज्ञ सुचवतात. पाच मिनिटांचा पायलट स्टडीच हा!

साठ मुलांची चाचणी

आता मुख्य प्रश्न. अन्ननलिकेत नाणं अडकलंय, मुलाला त्रास नाही. लगेच काढायचं की वाट बघायची?

बॉस्टनच्या एका बाल रुग्णालयात यावर यादृच्छिक चाचणी झाली. ती २००५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. अन्ननलिकेत नाणं अडकलेली १६८ मुलं आली. ज्यांना त्रास होत होता, नाणं गिळून २४ तास उलटले होते किंवा अन्ननलिकेचा जुना आजार होता, त्यांना वगळलं. पात्र ठरली ८१, सामील झाली ६०. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले: ३० मुलांचं नाणं एंडोस्कोपने काढायचं, ३० मुलांना दाखल करून साधारण १६ तासांनी पुन्हा एक्स-रे काढायचा.

निकाल काय लागला? निरीक्षणाच्या गटात ३० पैकी ७ नाणी आपोआप खाली सरकली, म्हणजे २३ टक्के. आणि ‘लगेच काढा’च्या गटात? ३० पैकी ९, म्हणजे ३० टक्के!

थांबा. ज्यांचं लगेच काढायचं होतं, त्यांचं नाणं आपोआप कसं गेलं? कारण ‘लगेच’ म्हणजे खरोखर लगेच नसतं. भूलतज्ज्ञ यायचे असतात, पोट रिकामं हवं असतं, थिएटर मिळायला हवं. तेवढ्या काही तासांत नाणं निघून गेलं. कागदावर दोन उपचार वेगळे होते, प्रत्यक्षात दोन्ही गटांना वाट बघावी लागली, फक्त कमी-जास्त.

या छोट्या चाचणीतून तीन धडे मिळतात.

पहिला: तुमच्या अभ्यासात गटाला काय नाव दिलंय याच्यापेक्षा त्या गटाचं प्रत्यक्षात काय झालं ते मोजा. ‘लगेच’ हा शब्द आहे, ‘किती तासांनी’ हे मोजमाप आहे.

दुसरा: दोन्ही गट धरून ६० पैकी १६, म्हणजे साधारण चारातलं एक नाणं आपोआप गेलं. यावरून संशोधकांनी ८ ते १६ तास थांबणं वाजवी आहे असं म्हटलं, विशेषतः मूल थोडं मोठं असेल आणि नाणं अन्ननलिकेच्या खालच्या भागात असेल तर. पण ३० पैकी ७ या आकड्याचा ९५ टक्के विश्वासांतर काढून बघा. तो साधारण १० ते ४२ टक्के येतो. इतक्या रुंद पट्ट्यावर ‘२३ टक्के’ असं छातीठोक बोलू नका.

तिसरा: १६८ मधल्या निम्म्याहून जास्त मुलांना ही चाचणी लागूच नव्हती. लाळ गळणारं, श्वास घ्यायला त्रास होणारं मूल या निकालात नाही. त्याला ‘थांबू’ म्हणायचा आधार इथे सापडणार नाही.

आणि व्यवहाराचा एक मुद्दा: काही तास गेले असतील तर भूल देण्याआधी पुन्हा एक एक्स-रे काढा. नाणं जठरात गेलेलं असेल, तर मुलाची भूल वाचते.

जिथे चिठ्ठी टाकताच येत नाही

मग असाच प्रयोग बटण सेलवर का नाही केला? कारण चिठ्ठी टाकायला एक नैतिक अट असते: दोन पर्यायांपैकी चांगला कोणता, हे खरोखर माहीत नसलं पाहिजे. इथे ते माहीत आहे.

सीआर २०३२ हा सेल घ्या. नावातच माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. आणि ३ व्होल्ट. रिमोटमध्ये, वजनकाट्यात, गाडीच्या चावीत असतो तो. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला की दोन्ही बाजूंना ओलं ऊतक टेकतं आणि सर्किट पूर्ण होतं. ऋण बाजूशी पाण्याचं विघटन होऊन हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्क, थेट भिंतीला लागून. ऊतक अक्षरशः विरघळू लागतं. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. सेल गळावाच लागतो असं नाही, आणि रिमोट चालवायला ‘संपलेला’ सेलही इजा करण्याइतका जिवंत असतो. सेल काढल्यानंतरही इजा खोल जात राहू शकते. काही दिवसांनी, आठवड्यांनी श्वासनलिकेत किंवा महाधमनीत भोक पडल्याच्या नोंदी आहेत.

एक्स-रेमध्ये फरक करायच्या खुणा आहेत. समोरून बघितलं तर सेलच्या कडेला दुहेरी कडं दिसतं, बाजूने बघितलं तर पायरी दिसते. अरुंद बाजू ती ऋण बाजू, आणि ती ज्या दिशेला, तिकडे इजा जास्त. नाण्याला हे काही नसतं. एक रुपया २२ मिलिमीटर, सेल २०. नुसत्या आकारावर भरवसा ठेवला तर काय होईल ते तुम्हीच बघा.

चाचणी करता येत नसेल, तर पुरावा येतो दुसऱ्या वाटांनी. एक वाट नोंदवहीची. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांच्या नोंदींवरचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की १९८५ ते २००९ या काळात सेल गिळण्याच्या घटनांमध्ये गंभीर किंवा प्राणघातक परिणामांचं प्रमाण ६.७ पट झालं. गिळणारी मुलं एकाएकी जास्त अवखळ झाली नव्हती. बाजारात २० मिलिमीटरचे लिथियम सेल आले होते.

दुसरी वाट प्रयोगशाळेची. २०१८ मध्ये डुकराच्या पिल्लांच्या अन्ननलिकेवर सेल ठेवून वेगवेगळे द्रव तपासले गेले. मध आणि सुक्रालफेट हे औषध यांनी अल्कता कमी केली, इजाही कमी दिसली. त्यावरून अमेरिकेतल्या सल्ल्यात आता अशी सूचना आहे, की मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळून १२ तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर दवाखान्याच्या वाटेवर दर १० मिनिटांनी दोन चमचे मध द्या. पण हा उपचार नाही. मधासाठी म्हणून एक मिनिटही उशीर करायचा नाही. सेल काढणारा एंडोस्कोपच.

छेद बघा, मग टक्केवारी

या विषयावरचा जवळजवळ प्रत्येक पेपर एका वाक्याने सुरू होतो: गिळलेल्या ८० ते ९० टक्के वस्तू आपोआप बाहेर पडतात, १० ते २० टक्क्यांना एंडोस्कोपी लागते, १ टक्क्याहून कमींना शस्त्रक्रिया. दिलासा देणारं वाक्य आहे. पण मुद्दाम वस्तू गिळणाऱ्या मोठ्या माणसांच्या अभ्यासांत एंडोस्कोपीचं प्रमाण ६३ ते ७६ टक्के आणि शस्त्रक्रियेचं १२ ते १६ टक्के सापडतं.

कुणी खोटं बोलतंय का? नाही. छेद वेगळा आहे. एकात घरी खेळताना काहीतरी गिळलेली मुलं मोजलीत, दुसऱ्यात ब्लेड, पेन, चमचे गिळून मोठ्या रुग्णालयात आलेली माणसं. आणि ज्या मुलाने मणी गिळला, तो दुसऱ्या दिवशी शौचावाटे गेला, आईने कुणाला सांगितलंही नाही, ते मूल कोणत्याच छेदात नाही. रुग्णालयाचा डेटा वापरणार असाल तर हा प्रश्न पहिल्या पानावर लिहून ठेवा: माझ्यापर्यंत कोण पोचलंच नाही?

ज्यांची नोंदच होत नाही, त्यांचा अभ्यास कसा करायचा याचं एक गमतीदार उदाहरण आहे. २०१८ मध्ये बालरोग क्षेत्रातल्या सहा जणांनी स्वतः लेगोच्या बाहुलीचं डोकं गिळलं आणि नंतर रोज शौच तपासलं. सरासरी १.७१ दिवसांत ते बाहेर आलं. एकाला मात्र सापडलंच नाही! हसून झालं की मर्यादा मोजा: सहाच जण, सगळे प्रौढ, वस्तू गुळगुळीत आणि लहान. यावरून टोकदार वस्तूबद्दल काहीही म्हणता येत नाही, आणि त्यांनी तसं म्हटलंही नाही. प्रश्न छोटा, उत्तरही तेवढंच छोटं. हा प्रामाणिकपणा शिकण्यासारखा आहे.

आपल्याकडे विचारता येतील असे प्रश्न

संशोधनाचा विषय शोधत असाल तर काही वाटा सुचवतो.

वेळेचे तुकडे करा. ‘गिळल्यापासून काढेपर्यंत’ हा एकच आकडा काही शिकवत नाही. गिळलं ते लक्षात येईपर्यंत किती वेळ, पहिल्या डॉक्टरपर्यंत किती, एक्स-रेपर्यंत किती, एंडोस्कोपीची सोय असलेल्या गावापर्यंत किती, तिथे पोचल्यावर किती. जिथे सर्वांत जास्त वेळ जातो, तिथे उपाय करायचा. तालुक्याच्या ठिकाणाहून जिल्ह्याला जाणाऱ्या मुलासाठी दोन तासांची मर्यादा मशीनच्या गुणवत्तेवर अवलंबून नसते, रस्त्यावर आणि पहिल्या डॉक्टरच्या संशयावर असते.

घरगुती उपायांची नोंद करा. नाणं गिळलं की केळं, मासळीचा काटा अडकला की सुक्या भाताचा गोळा. हे आपल्याकडे घरोघरी चालतं. काटा त्याने आणखी रुतू शकतो आणि भरल्या पोटी भूल देणं धोक्याचं होतं. पण किती जण देतात, त्यामुळे एंडोस्कोपी किती पुढे ढकलावी लागते, हे विचारून मोजता येईल. बाह्यरुग्ण विभागात एका पानाची प्रश्नावली पुरते. मासळीचा काटा साध्या एक्स-रेवर बहुधा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणून परत पाठवलेल्यांचं पुढे काय झालं, हाही चांगला प्रश्न आहे.

आणि इंजिनियरिंगवाल्यांसाठी: निसरडी, गोल, सपाट वस्तू २.८ मिलिमीटरच्या वाटेतून जाणाऱ्या साधनाने घट्ट कशी धरायची, हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. बाजारातून डुकराची अन्ननलिका आणा, आत नाणं ठेवा आणि सुरुवात करा. जिवंत माणसांचा डेटा घ्यायचा असेल तर, मग तो जुन्या फाइलींमधला का असेना, आधी संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची परवानगी.

वाचून झाल्यावर एक काम करा. घरातल्या रिमोटच्या मागचं झाकण स्क्रूने बंद होतं का, ते बघा. आणि कुणा मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका जरी आली, तर काही खाऊ न घालता (मधाची वरची सूचना सोडून), उलटी न काढता, थेट एक्स-रे आणि एंडोस्कोपीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. त्या मुलाबाबत ‘थोडं थांबू’ म्हणायला कोणताही पुरावा नाही.